दावणीला बसणारे मामा

मामा गोठ्यात शिरले की आधी जनावराला हात लावायचे नाहीत. दावणीला मोकळी जागा बघायचे, पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवायचे आणि जिथे म्हैस बसते बरोबर तिथेच, शेणामुतात, मांडी घालून बसायचे. मालक कळवळून ओरडायचा, "अहो मामा, खाट आनतो की!" मामा हातानेच त्याला गप्प करायचे आणि मग एका कुशीवर आडवे व्हायचे. दवाखान्याचा सरकारी माणूस म्हशीच्या जागेवर लोळतोय हे बघायला शेजारपाजारच्या बायका पदर तोंडाला लावून गोळा व्हायच्या. उठेपर्यंत पांढऱ्या शर्टाचा पार नकाशा झालेला असायचा.

"खडा टोचतो इथं, कमरेखाली," मामा मालकाला सांगायचे. "म्हनून ती बसत न्हाई. बसत न्हाई म्हनून दूध चोरून राहिली. औषध कशाला पायजे? खडा काढ."

मी लातूरकडचा. नवी नोकरी, डोक्यात कॉलेजची हवा. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा वाटलं, आपल्या नशिबी येडा परिचर आलाय. खडा काढल्यावर ती म्हैस चार दिवसांत दुधाला आली, तेव्हा मी योगायोग म्हणालो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोठ्यातही योगायोगच म्हणालो. शहाणपण मला नेहमीच उशिरा सुचत आलंय.

आमचा दवाखाना हिंगोली-वाशीम रस्त्याला, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. दोन खोल्या, अंगणात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि त्यावर सावली धरणारं लिंबाचं झाड. मी डॉक्टर, मामा परिचर, तिसरं कोणी नाही. मामा मूळचे हट्ट्याजवळच्या एका खेड्यातले. बायको गावी, मामा इथे एका खोलीत एकटे. वयाने माझ्या वडिलांएवढे, निवृत्तीला आलेले. ते नेमके कोणाचे मामा हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळी पंचक्रोशी मामा म्हणायची, मीही म्हणायला लागलो.

गाय तापलेली असो, शिंग मोडलेलं असो, सडाला काटा लागलेला असो, मालक हातवारे करून रडगाणं सांगत असायचा आणि मामा मध्येच विचारायचे, "लेकरू कुठाय?"

लेकरू म्हणजे वासरू, रेडकू, कालवड, गोऱ्हा, सगळं त्यात आलं. लेकरू डोळ्यांनी दिसल्याशिवाय मामा त्या घरचा दुधाचा चहा घेत नसत. "कोरा द्या," म्हणायचे. बाईमाणसाला ते फार लागायचं. घरात दूध असून पाहुण्याला कोरा चहा द्यायचा म्हणजे काय! मामा मात्र तो काळा चहा फुर्र फुर्र करत, अगदी चवीने प्यायचे. त्यांच्या वाटणीचा दुधाचा कपही मग मीच संपवायचो.

हा सवाल लोकांना का झोंबायचा, ते सांगतो. दूध विकायचं तर वासराला पोटभर पाजून भागत नाही, हे गोठेवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. कालवड असली तर तिची पुढे गाय होणार, म्हणून तिच्यासाठी थोडं तरी सुटतं. संकरित गाईला गोऱ्हा, म्हणजे नर, झाला की अवघड. त्याला वशिंड नाही, तो औताला चालत नाही, आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही आणि आता विकायचीही सोय उरलेली नाही. त्याला मारणं तर पाप. म्हणून कोणी मारत नाही. आखूड दोरीला बांधतात, आईच्या सडात उरलंसुरलं दूध लागलं तर लागलं, आणि महिना-पंधरा दिवसांत सुटका होते. "मारायला हिंमत लागती साहेब," मामा म्हणायचे. "याला नुसती दोरी लागती." ते असं बोलायला लागले की मी गाडीचा आरसा नीट करत बसायचो.

लोकही काही कमी नव्हते. एका गावात लाळ-खुरकताची लस टोचत आम्ही घरोघर फिरत होतो. पहिल्याच गोठ्यात एक तांबडं वासरू बांधलेलं, कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान चिरलेला. मामांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, चहा घेतला. तिसऱ्या गोठ्यात तांबडं वासरू, कपाळावर पांढरा ठिपका. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले, चिरलेला कान हातात घेतला आणि हात जोडून म्हणाले, "राम राम पावनं! सकाळी तिकडं व्हते, आता हिकडं कुठं मुक्काम?" आधी मालकाची बायको हसली, मग मालक हसला, मग अख्खी गल्ली. मामा येणार म्हटल्यावर ते वासरू मागच्या बोळातून घरोघर पोचवलं जात होतं, हे उघडच होतं.

वासरू उपाशी दिसू नये म्हणून मामांच्या फेरीआधी ज्याच्या त्याच्या घरी त्याला पाजलं जायचं. पावसाळ्यापर्यंत त्या गावातलं सगळ्यात धष्टपुष्ट वासरू तेच झालं. मामांना मी म्हणालो, "बघा, तुमच्या येडेपणाची ही कमाई." त्यावर ते म्हणाले, "एकाचं तर पोट भरलं ना साहेब. त्या गल्लीत आनखी सात व्हती." तेव्हा मीही हसलो होतो. त्या सातांचं काय झालं, हे विचारावंसं मला वाटलं नाही.

मामांचं दुसरं येड याच्या बरोबर उलटं होतं. जिवंत जनावरासाठी ते शेणात लोळायचे, पण मेलेल्याला बोट लावायचे नाहीत. "जित्तेपनी बोलवा. मेल्यावर मला बोलवायचं न्हाई," हे ते नव्या डॉक्टरला रुजू व्हायच्या दिवशीच सांगत. मलाही सांगितलं होतं. शवविच्छेदन असलं की मी एकट्याने सुरी चालवायची. मामा वीस पावलं लांब, पाठ करून, रस्त्याकडे बघत उभे राहायचे. पाण्याची बादली आणि साबणसुद्धा तिथेच, त्यांच्या पायाशी असायचं. मला राग यायचा. परिचराने ज्या कामाचा पगार घ्यायचा, तेच हा माणूस करत नाही!

एकदा चिडून विचारलंच. मामा खोड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "माझा बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा साहेब. आज्यानं बी तेच केलं. आमच्या लोकायनं दीक्षा घेतली, तवा बापानं कातडं सोलायची सुरी कयाधू नदीत फेकली. फेकून देली अन् घरी येऊन जेवला. पुढं मी नोकरीला लागलो तर पैल्याच दिवशी त्या टायमाच्या साहेबानं माझं आडनाव इचारलं अन् सुरी हातात देली. मी ती टेबलावर ठुली. बापाला शब्द देल्ता, मेल्याला हात लावनार न्हाई." त्या शब्दापायी मामांनी नोकरीभर मेमो खाल्ले, दोन वेतनवाढी घालवल्या. मला त्यांच्या म्हणण्यातलं खरेपण कळलं. पण खरं सांगतो, दर शवविच्छेदनाला माझी चिडचिड व्हायचीच.

आता त्या गोठ्याचं सांगतो. इतका वेळ मी त्याच्याच आजूबाजूला घोटाळतोय.

आमच्याच रस्त्यावर एका तरुण शेतकऱ्याचा गोठा होता. पत्र्याचं उंच छत, पंखे, गाईंखाली रबरी गाद्या, दूध काढायचं मशीन, धारेच्या वेळी बारीक आवाजात लावलेली बासरी. मालक मोठा गोडबोल्या, वर ओळखीपाळखी दांडग्या. हा गोठा म्हणजे माझा अभिमान होता. त्याच्या आखणीत माझा सल्ला होता आणि आदर्श गोठ्याच्या बक्षिसासाठी शिफारसही माझीच. तपासणी समिती यायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून आम्ही गेलो. हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या रस्त्याला तो कच्चट, उग्र वास भरून राहिला होता.

मामा नेहमीप्रमाणे गादीवर आडवे झाले. उठून म्हणाले, "गादी बेस हाय." मालक खूश. मग मामांनी गाई मोजल्या, कालवडी मोजल्या. "आठ गाई दुधात. लेकरं पाचच दिसून राहिली. तीन कुठायत?"

"गोऱ्हे व्हते मामा. दिले पावन्याला," मालक म्हणाला.

मामा गोठ्यामागे गेले. मी मालकाबरोबर पंख्याच्या दिशेबद्दल बोलत राहिलो. मग मामांनी मला हाक मारली, आणि ती हाक ऐकून मला जावंच लागलं.

हळदीच्या शेडमागे वाळल्या पाल्याचा ढीग होता. त्याआड दोन गोऱ्हे वीतभर दोरीला बांधलेले, तोंडाला मुसकी. मुसकं, म्हणजे तोंडावर बांधायची दोरीची जाळी, वासराने आईला लुचू नये म्हणून घडीभर घालतात. इथे आई पन्नास पावलं लांब होती आणि मुसकी नाकाच्या कातडीत रुतली होती. कितीतरी दिवसांत ती निघालेली नव्हती. तिसऱ्या गोऱ्ह्याची नुसती दोरी पडली होती. मामांनी दोन्ही मुसकी कापली. एका गोऱ्ह्याने लगेच त्यांचं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला लागला. दुसऱ्याने मान उचलली नाही.

"साहेब, यांना इथून काढू," मामा म्हणाले.

"मी बोलतो मालकाशी."

"कवा?"

"बोलतो म्हटलं ना मामा."

आणि मी बोललो, फोनवर. "मुसकी बांधू नका हो, समिती येणार आहे, बरं दिसत नाही," एवढंच बोललो. बरं दिसत नाही! माझे स्वतःचे शब्द आहेत, आजही आठवले की तोंड कडू होतं. मामा रोज सकाळी विचारायचे, "बोलले का?" मी म्हणायचो, बोललो. चौथ्या दिवशी त्यांनी मला न सांगता, आपल्या वळणदार अक्षरात, आपल्या सहीने, जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार दिली.

चौकशीचा आदेश माझ्याच नावाने आला. मामांना घेऊन मी पोचलो त्या सकाळी मान न उचलणारा गोऱ्हा मेलेला होता. आता शवविच्छेदन करणं भाग होतं. पण आठवड्याआधीच एका गाईने खोड्यात लाथ मारून माझं डावं मनगट मोडलं होतं, हात प्लास्टरमध्ये. एका हाताने वासरू फाडता येत नाही. दुसरा डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार, आणि त्या उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत काही उरलं नसतं. मालकाला याचा सगळा हिशेब होता. रस्त्यावरच्या ढाब्यातली पाच-सहा माणसंही जमली होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "साहेबांचा हात असा. अन् मामा तर मेल्याला शिवत न्हाईत, साऱ्या तालुक्याला ठावं हाय. मंग कसं करता? पुरून टाकू."

मामा नेहमीसारखे लांब, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. ते वळले. सावकाश चालत आले, शर्ट काढला, त्याची घडी घालून माझ्या गाडीच्या सीटवर ठेवली आणि माझ्या पेटीतून सुरी घेतली.

"सांगा साहेब. कुठून?"

मी सांगत गेलो आणि ते कापत गेले. जमलेल्यांपैकी एकजण पुटपुटला, "शेवटी आलाच की कामावर." मामांनी ऐकलं असणार, पण मान वर केली नाही. पोट उघडल्यावर ते मोठ्याने बोलायला लागले, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"लिवा साहेब. दुधाचा थेंब न्हाई. माती हाय, लिवा. सुतळीचा तुकडा हाय. केस हायत, याचेच, चाटून चाटून गिळलेले. लिवा." मूत्रपिंडाभोवती चरबी असते, उपासमारीत ती विरघळते; तिथे पाणचट चिकट काहीतरी उरलं होतं. माती खाऊन जगायची धडपड केलेल्या जिवाचं ते पोट होतं. शेवटी त्यांनी वासराची शेपटी उचलून धरली. "ही बी लिवा. कोरडी हाय. उद्या कोनी म्हनंल हगवन व्हती. हगवन लागल्या लेकराची शेपटी अशी असती का?"

कच्च्या कागदावर मी सगळं लिहिलं.

हौदावर हात धुऊन मामा दुसऱ्या गोऱ्ह्याजवळ गेले. मालकाला म्हणाले, "हे मला द्या. मी पाजीन."

"तुमाला?" मालकाचा गोडवा आता पार उतरला होता. "तक्रार करता अन् वरून लेकरू मागता? ते मेलं तरी तुमाला देनार न्हाई."

मामा वाद घालत बसले नाहीत. गोऱ्ह्याच्या मानेवर हात फिरवत, त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "साहेब लिवतील. उपासमार म्हनून लिवलं की सरकारच काढून नेतं तुला इथून. दोन दिवस काढ."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. छळ सिद्ध झाला असता तर जनावर तिथून हलवावंच लागलं असतं. मृत्यूचे कारण, या ओळीपुढे एकच शब्द हवा होता.

दुपारी दवाखान्यात मी पक्का अहवाल लिहायला बसलो आणि वरून फोन आला. जिल्ह्याचे साहेब रागावले नव्हते. समजुतीने बोलत होते. "गोठा तुमच्याच शिफारशीचा आहे. स्वतःच्याच तोंडाला शेण फासून घेणार का? बदलीचा अर्ज दिलाय ना तुम्ही? बघा, काय ते नीट लिहा." माझी बायको नांदेडला शिक्षिका, दीड वर्षाची मुलगी तिच्याजवळ. मी फोन ठेवला. मग लिहिलं, तीव्र हगवण.

खाली सहाय्यकाची सही लागते. मामांनी कागद घेतला, सगळा वाचला. त्या ओळीवर त्यांचा अंगठा थांबला.

"साहेब, शेपटी कोरडी व्हती."

"मामा, सही करा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते माझ्या शर्टाच्या खिशाला नीट अडकवलं आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. सहीविनाच अहवाल गेला. वर कोणी सही विचारलीही नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. तक्रार निराधार ठरली. खोटी तक्रार केली म्हणून मामांना नोटीस मिळाली आणि उरलेल्या चार महिन्यांसाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवणी झाली. ते गेल्यानंतर आठवड्याभरात गोठ्याच्या मालकाचा फोन आला. आवाज पुन्हा गोड झाला होता. "साहेब, ते दुसरं बी गेलं. हगवनीनं. मागच्यावानीच लिहून द्या." मी बघायलाही गेलो नाही. टेबलावर बसून लिहून दिलं. त्यानंतर इतर गोठ्यांतूनही तसेच फोन यायला लागले, कारण माझ्या दवाखान्यात हा शब्द चालतो हे आता सगळ्यांना कळलं होतं. गोठ्याला बक्षीस मिळालं. स्टेजवर मीही होतो. मी भित्रा आहे हे मला आधीपासून माहीत होतं, पण माझा भित्रेपणा दुसऱ्याच्या जिवावर इतका सहज जगू शकतो हे तेव्हा कळलं.

मामा निवृत्त झाल्यावर, बदलीच्या गावी निघण्याआधी मी त्यांच्या गावी गेलो. शाल नेली होती. मामींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मामा बाजेवर बसले होते, बरेच वाळले होते. घरच्यांची चौकशी केली, मुलगी बोलायला लागली का विचारलं. शाल तशीच मांडीवर ठेवून मी एकदाचं म्हणून टाकलं, "मामा, माझं चुकलं."

"तुमचं काय साहेब. तुमाला लेकराकडं जायचं व्हतं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी आपले तळहात उलटून पाहिले. "मला एक सांगा. तुमी शिकलेली मानसं. बापाला देलेला शब्द मी मरेस्तोर पाळला असता. त्या लेकरासाठी मोडला. लेकरू तर वाचलं न्हाई. मंग मी तो कशासाठी मोडला? काय सांगू बापाला?"

ते खरोखर विचारत होते. उत्तरासाठी माझ्याकडे बघत थांबले होते. मामीही दारात थांबल्या होत्या.

मी घड्याळात पाहिलं. वसमतची एसटी चुकेल म्हणालो, आणि उठलो.